शिरस्त्राण : घ्यावें कसें आणि घालावें कसें

घराबाहेर पडतांना डोकें झांकलेलें असावें, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार होता. पगडी, पागोटें, रुमाल, टोपी असे त्याचे प्रकार काळाप्रमाणें बदलत गेले. पण उघड्या डोक्यानें चारचौघांत जाणें अशुभ मानलें जाई. पुढें तो शिष्टाचार सुटला, टोप्या खुंटीवर राहिल्या आणि कालांतरानें भिंतींवरच्या खुंट्याही गेल्या. त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. परंतु त्या काळची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पगडी घ्यावयाची म्हणजे डोक्याचें माप पगडबंदाकडे द्यावें लागे. एकाची पगडी दुसऱ्याच्या डोक्यावर बसत नसे. आज दुचाकीच्या वेगामुळें डोकें पुन्हां झांकणें प्राप्त झालें आहे. मापाची ती जुनी शिस्त मात्र आपण पार विसरलों आहों.

ज्याला शुद्ध भाषेंत शिरस्त्राण म्हणावें व व्यवहारांत सर्वजण हेल्मेट म्हणतात, त्या वस्तूविषयीं या वेळीं चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. विषय पुरुषांचा, त्याच्याशीं आपल्याला काय करावयाचें, असें म्हणून आमच्या भगिनींनीं हें पान उलटूं नये. आज कित्येक भगिनी स्वतः स्कूटर चालवितात. ज्या चालवीत नाहींत त्या मागें बसतात. शिवाय घरांत कोणाला काय रुततें, कोण कशाची टाळाटाळ करतो, आणि हौसेनें आणलेली कोणती वस्तु माळ्यावर जाऊन पडते, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असतें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी असल्यामुळें धाराशिव जिल्ह्याचे रस्ते त्यांस अगदींच अपरिचित नसावेत. सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर. तेथून जिल्ह्याचें ठाणें धाराशिव, जें २०२३ पर्यंत सरकारदरबारीं उस्मानाबाद म्हणून ओळखलें जाई, आणखी वीस-पंचवीस. हाच महामार्ग पुढें येडशी, येरमाळ्यावरून बीडकडे जातो. दक्षिणेकडून नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादचा दुसरा महामार्ग जातो. तेर, लोहारा, कळंब, भूम, परंडा या बाजूंचे लहान रस्ते या दोहोंना येऊन मिळतात. या सर्वांवर दुचाकी हेंच घराघराचें वाहन आहे. शिक्षक तिच्यावरून शाळेस जातो, दूधवाला तिला किटल्या बांधतो, परिचारिका तिच्यावरूनच आरोग्यकेंद्र गांठते, आणि लेकीला माहेरीं आणावयाचें तरी तीच गाडी. या जिल्ह्यांतील कुटुंबाच्या दृष्टीनें हेल्मेटाचा प्रश्न रोजच्या जेवणखाणाइतकाच रोजचा आहे.

पण या रस्त्यांच्या कडेला घटकाभर उभें राहिलें तर हेल्मेटाचे नाना उपयोग दृष्टीस पडतात. कोणाचें तें आरशाला टांगलेलें असतें, कोणाच्या कोपरांत अडकविलेलें असतें, कोणी त्यांत चार वांगीं घालून घरीं नेतो. नाक्यावर पोलीस दिसतांच तें घाईघाईनें डोक्यावर चढतें व नाका ओलांडतांच खालीं उतरतें. जे नेमानें घालतात त्यांच्यापैकींही कित्येकांच्या हनुवटीखालचा पट्टा मोकळाच लोंबत असतो. याचें कारण विचारावें तर उत्तरें ठरलेलीं असतात : डोकें दुखतें, कपाळावर वळ उठतो, मान अवघडते, बाजूचें दिसत नाहीं, जीव गुदमरतो.

हीं उत्तरें खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेक खरीं आहेत. पण नीट विचार केला तर असें दिसून येईल कीं, यांतील बहुतेक तक्रारी हेल्मेटाबद्दलच्या नसून मापांत न बसणाऱ्या हेल्मेटाबद्दलच्या आहेत. जोडा चावूं लागला म्हणून कोणी जन्मभर अनवाणी हिंडत नाहीं. तो माप बदलून दुसरा जोडा घेतो. हेल्मेटाच्या बाबतींत मात्र आपण दुकानदार देईल तें घेतों, भावाचें भाऊ घालतो, मित्राचें मित्र घालतो, आणि मग त्या वस्तूलाच नांवें ठेवतों. सुखानें बसणें ही हेल्मेटाची चैन मानूं नये. तो त्याचा पहिला गुण मानावा. कारण जें सुखानें बसत नाहीं तें घातलें जात नाहीं, आणि जें खुंटीवर राहिलें त्याची किंमत कितीही असली तरी रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य.

हेल्मेटाचा इतिहास फार जुना नाहीं. अरबस्तानांतील लढाईमुळें प्रसिद्धीस आलेले इंग्रज सेनाधिकारी टी. ई. लॉरेन्स हे मोटार-सायकलचे मोठे शौकीन होते. १९३५ सालच्या मे महिन्याच्या १३ तारखेस, इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत, सायकलवरील दोन मुलांना वांचविण्यासाठीं त्यांनीं गाडी वळविली व ते उडून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. सहा दिवसांनीं, १९ तारखेस, ते शुद्धीवर न येतांच वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे एक शस्त्रवैद्य होते. त्या मृत्यूचा त्यांच्या मनावर फार परिणाम झाला. मोटार-सायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनीं पुढें कसून अभ्यास केला आणि १९४१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या लष्करानें कामावर असणाऱ्या मोटार-सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांना तें सक्तीचें होण्यास मात्र १९७३ साल उजाडावें लागलें. म्हणजे डॉक्टरांना जें पटलें तें लोकांच्या गळीं उतरण्यास विलायतेंतही ३२ वर्षें लागलीं! तेव्हां आपल्याकडील लोकांच्याच हट्टाबद्दल फार बोलण्यांत अर्थ नाहीं.

हेल्मेट नेमकें काय करतें, हें कळल्यावांचून तें निवडतां येत नाहीं. त्याला तीन थर असतात. बाहेरचें टणक कवच प्लॅस्टिकचें किंवा कांचतंतूंचें असतें. तें टोंकदार दगडाला आंत घुसूं देत नाहीं व मार पसरून घेतें. सर्वांत आंतला मऊ कापडी थर आपल्या सोयीसाठीं व मापासाठीं असतो. पण खरें काम करतो तो या दोहोंमधला थर. तो एका प्रकारच्या घट्ट थर्मोकोलचा असतो. डोकें आपटलें म्हणजे तो चेपतो, आणि त्या चेपण्यांत डोक्याचा वेग थोडा थोडा कमी होत जातो. विहिरींत सोडलेली कळशी तळाच्या दगडावर आदळणें व गाळांत रुतणें यांत जो फरक, तोच येथें आहे. असा चेपणारा थर वापरण्याच्या कल्पनेचें पेटंट रॉथ व लॉम्बार्ड या अमेरिकन संशोधकांना १९५३ सालीं मिळालें, आणि आजचीं सर्व चांगलीं हेल्मेटें त्याच तत्त्वावर तयार होतात. यावरून दोन गोष्टी सहज निघतात. ज्या हेल्मेटांत हा थर नाहीं, नुसता स्पंज चिकटविलेला आहे, तें हेल्मेट नसून टोपी आहे. दुसरें असें कीं, एकदां चेपलेला थर पुन्हां फुगत नाहीं. म्हणून एकदां अपघातांत सांपडलेलें हेल्मेट बाहेरून कितीही धडधाकट दिसलें तरी बदललें पाहिजे. याच कारणास्तव कोणाचें जुनें हेल्मेट विकत घेऊं नये. तें पूर्वीं कोठें आपटलें होतें, हें त्याच्या तोंडावर लिहिलेलें नसतें.

“आम्हांला कोठें लांब जावयाचें आहे? गांवांतल्या गांवांत तर जावयाचें!” असें कित्येकजण म्हणतात. त्यांच्यासाठीं एक साधें गणित देतों. दीड मीटर उंचीवरून खालीं पडणारी वस्तु जमिनीला भिडते तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर होतो. उभ्या गाडीवरून तोल जाऊन पडलेल्या माणसाचें डोकें याच वेगानें फरशीवर आपटतें. गाडीचा वेग त्यांत धरलेलाच नाहीं. नारळ इतक्या उंचीवरून दगडावर पडला तर त्याचें काय होतें, हें सांगावयास नको. जगांतील ६१ अभ्यासांचा एकत्र विचार करून २००८ सालीं तज्ज्ञांनीं असा निष्कर्ष काढला कीं, हेल्मेटामुळें दुचाकीच्या अपघातांत मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. तें सर्व संकटांतून तारील, असा याचा अर्थ नाहीं. पण एवढें करणारी दुसरी वस्तु इतक्या किंमतींत बाजारांत मिळत नाहीं, हें खास.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. प्रथम घरींच माप घ्यावें. शिवणाच्या डब्यांतील फीत भुंवयांच्या वर दोन बोटें, कानांच्या किंचित् वरून, मागें डोक्याचा जो भाग सर्वांत पुढें आलेला असतो त्यावरून फिरवावी. दोन-तीनदां मोजावें आणि येईल तें सर्वांत मोठें माप कागदावर टिपून ठेवावें. आपल्याकडील हेल्मेटांवर हें माप बहुधा मिलिमीटरमध्यें लिहिलेलें असतें : मध्यम म्हणजे ५८०, मोठें म्हणजे ६००, त्याहून मोठें ६२०. फितीवर ५८ सेंटिमीटर आले तर ५८० पासून आरंभ करावा. आरंभ म्हणण्याचें कारण असें कीं, प्रत्येक कारखान्याचा सांचा निराळा असतो व एकाचें मध्यम तें दुसऱ्याचें मोठें निघतें. म्हणून फितीवर विसंबून दुसऱ्याकरवीं हेल्मेट आणवूं नये; ज्याचें डोकें त्यानेंच दुकानांत जावें. वाढदिवसाला हेल्मेट भेट देण्याची कल्पना चांगली आहे. पण भेट देणाऱ्यानें वस्तु न देतां माणसालाच दुकानांत न्यावें.

नुसता घेर जमला म्हणजे झालें असेंही नाहीं. कोणाचें डोकें पुढून मागें लांबट असतें, कोणाचें वाटोळें. लांबट डोक्यावर वाटोळें हेल्मेट घातलें तर कपाळावर व मागें दाब येतो आणि कानांच्या बाजू मोकळ्या राहतात. वाटोळ्या डोक्यावर लांबट हेल्मेट घातलें तर कानशिलें दुखूं लागतात व कपाळापुढें पोकळी राहते. “डोकें दुखतें” या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें. अशा वेळीं एक माप मोठें घेणें हा उपाय नव्हे. त्यानें दुखणें कमी होतें, पण हेल्मेट डुलूं लागतें. दुसऱ्या घडणीचें, त्याच मापाचें हेल्मेट मागावें. तें धाराशिवांत न मिळालें तर सोलापूर किंवा लातूर गांठावें. लग्नाच्या एका शालूसाठीं आपण सोलापुरास चार खेपा घालतों. डोक्यासाठीं एक खेप जड वाटूं नये.

दुकानांत पुढीलप्रमाणें परीक्षा करावी. हेल्मेट दोन्ही पट्टे बाजूला ताणून धरून डोक्यावर उतरवावें व पट्टा बांधावा. नवें असतां तें जरा घट्टच वाटलें पाहिजे. गालांवर गादी सारखी टेकली पाहिजे व गाल किंचित् वर उचलल्यासारखे दिसले पाहिजेत. कांहीं दिवसांच्या वापरानें आंतली गादी दबते, म्हणून पहिल्या दिवशीं ऐसपैस वाटणारें हेल्मेट महिन्याभरानें सैल होतें. मग हातांनीं हेल्मेट धरून डावीउजवीकडे हलवावें. त्याबरोबर गालांची व कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर. नुसतें हेल्मेटच फिरलें तर तें मोठें आहे. पुढें पट्टा बांधलेला असतांच मागच्या कडेखालीं बोटें घालून तें पुढच्या बाजूला लोटण्याचा प्रयत्न करावा. डोक्यावरून निसटलें तर दुकानदारानें कितीही गळ घातली तरी तें परत ठेवावें. शेवटीं तें तसेंच घालून दहा-पंधरा मिनिटें दुकानांत बसावें. दुकानदार घाई करील, करूं द्यावी. काढल्यानंतर आरशांत पाहावें. गालांवर पुसट खुणा असल्या तर चालतील. कपाळाच्या एकाच जागीं तांबडा वळ उठला असेल, तर दहा मिनिटांची ती खूण तासाभराच्या प्रवासांत डोकेदुखी होईल.

पट्ट्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, तो बांधल्यावर हनुवटीखालीं एक-दोन बोटें जेमतेम शिरावींत. खटका लावावयाचा असो कीं कड्यांतून ओंवावयाचा असो, तो प्रत्येक खेपेस लावलाच पाहिजे. पट्टा न बांधलेलें हेल्मेट पडण्याच्या वेळीं माणसाच्या आधीं रस्त्यावर पोंचतें.

ज्यांना चष्मा आहे त्यांनीं चष्म्यासह परीक्षा करावी. चष्म्याच्या दांड्या गादीखालीं दबून कानशिलांत रुतत असतील तर तें हेल्मेट त्यांच्यासाठीं नव्हे. मान न वळवतां दोहों बाजूंचें दिसतें कीं नाहीं तें पाहावें. पुढील कांच पांढरी स्वच्छ असावी. काळी कांच उन्हांत बरी वाटली तरी दिवेलागणीनंतर ती आंधळेपणाच होय. कांचेवर ओरखडे पडले म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारीचा उजेड फांकतो व कांहींच दिसेनासें होतें. ती कांच निराळी विकत मिळते, ती वेळच्या वेळीं बदलावी. हनुवटी झांकणारें पूर्ण हेल्मेट घ्यावें हें उत्तम, कारण पडणारा माणूस पुष्कळदां तोंडावरच पडतो. अर्धी वाटी डोक्यावर पालथी घातल्यासारखीं जीं हेल्मेटें दिसतात, तीं स्वस्त व थंड असलीं तरी जबड्याचें व मानेजवळच्या भागाचें रक्षण करीत नाहींत. दोन हेल्मेटें सारखींच बसत असतील तर हलकें असेल तें घ्यावें. मान अवघडण्याची तक्रार त्यानें पुष्कळ कमी होईल.

आतां आमच्या भगिनींविषयीं. नवरात्रांत अथवा एखाद्या मंगळवारीं तुळजापूरच्या वाटेवरील जोडप्यांकडे पाहावें. पुढें बसलेल्याच्या डोक्यावर हेल्मेट असतें आणि मागें बसलेलीच्या डोक्यावर पदर! मागें बसणाऱ्याला हातांत धरावयास बळकट असें कांहीं नसतें, पुढचा खड्डा दिसत नसतो, आणि लुगडें नेसून एका अंगाला बसलेल्या बाईचा तोल तर सहज जातो. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत हेल्मेट नसलेलीं ५०,०२९ माणसें रस्त्यांवर मृत्यु पावलीं. त्यांत १४,३३७ जण गाडी चालविणारे नव्हते, तर मागें बसलेले होते. दंडाची भीति चालविणाऱ्याला वाटते म्हणून घरांत एक हेल्मेट येतें. दुसरें येत नाहीं. ज्या घरांत पानावर वाढतांना भेदभाव होत नाहीं, त्या घरानें याही बाबतींत तो करूं नये.

स्त्रियांची खरी अडचण केंसांची असते. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाहीं. तें वर उचललें जातें व पुढें झुकतें. त्याला उपाय मोठें माप हा नव्हे, तर मानेजवळ खालीं सैल वेणी घालणें हा आहे. गजरा, क्लिप, कांटे उतरल्यावर माळावेत. उन्हासाठीं डोक्याला ओढणी गुंडाळण्याची हल्लींची रीत धाराशिवच्या उन्हांत समजण्यासारखी आहे. पण जाड ओढणीच्या घड्या व गांठी हेल्मेटाखालीं आल्या कीं माप बिघडतें. पातळ सुती रुमाल सपाट बसवून घेतला तर हरकत नाहीं, मात्र हेल्मेट विकत घेतांनाही तोच रुमाल डोक्यावर असावा. हाच न्याय आजोबांच्या टोपीला व फेट्याला. टोपीवर हेल्मेट चढवूं नये. ती खिशांत ठेवावी व देवळाच्या पायरीशीं पुन्हां घालावी.

मुलांच्या बाबतींत आपल्या काटकसरीला थोडा आळा घातला पाहिजे. सदरा वाढत्या अंगाचा शिवावा, हें शहाणपण खरें. परंतु वाढत्या डोक्याचें हेल्मेट घेऊं नये. सैल हेल्मेट मुलाच्या डोळ्यांवर येतें व पडतांना निघून जातें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत २०१९ सालीं सुधारणा झाली. तिच्याप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येकाला, पुढें बसो वा मागें बसो, हेल्मेट आवश्यक आहे. पागोटें घालणाऱ्या शीखांना त्यांतून सूट आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं २०२२ सालीं नियम झाले व ते फेब्रुवारी २०२३ पासून अमलांत आले : मुलाला मापाचें हेल्मेट, चालविणाऱ्याशीं बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत. चालविणाऱ्याखेरीज एकच माणूस दुचाकीवर बसावा, हा तर जुनाच नियम आहे. चौघांना एका स्कूटरवर घेऊन निघणाऱ्या कुटुंबानें एस्. टी. नें जावें, हें उत्तम.

खरेपणाची पारख करण्यासाठीं हेल्मेटाच्या पाठीमागें आय. एस. आय. चें चिन्ह, आय. एस. ४१५१ हा मानकाचा क्रमांक व सी. एम. एल. या अक्षरांनीं आरंभ होणारा परवान्याचा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचें हेल्मेट विकणें कायद्यानें बंद आहे. तरीही महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेलीं हेल्मेटें मिळतातच आणि त्यांवर खोटें चिन्ह चिकटविलेलें असूं शकतें. भारतीय मानक ब्यूरोच्या बी. आय. एस. केअर या मोबाइलवरील साधनांत तो परवान्याचा क्रमांक घालून खऱ्याखोट्याची खात्री करतां येते. घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी हें काम क्षणांत करील. हजार-दीड हजार रुपयांत चांगलें, चिन्हांकित हेल्मेट मिळतें. दोन-तीनशे रुपयांचें हेल्मेट घेणारा माणूस पोलिसाला फसवितो खरा, पण रस्त्याला फसवितां येत नाहीं.

राहिली उकाड्याची गोष्ट. वैशाखांत बालाघाटावरचा पारा चाळिसाच्या वर चढतो, तेव्हां हेल्मेटांत उकडत नाहीं असें सांगणें हा शुद्ध अप्रामाणिकपणा होईल. उकडतें. पण तें कमी करतां येतें. फिकट रंगाचें, पुढें हवा घेण्यास व मागें सोडण्यास छिद्रें असलेलें हेल्मेट घ्यावें. आंतलें अस्तर काढून धुतां येईल असें पाहावें. खालीं पातळ सुती टोपी घालावी व ती रोज धुवावी. केंसांच्या तक्रारीलाही घाम व मळ सांचूं न देणें हाच पहिला उपाय आहे. अस्तर साध्या साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून सांवलींत वाळवावें. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा हात हेल्मेटाला लावूं नये. त्यानें कवच व थर्मोकोल दोन्ही खराब होतात. आरशाच्या दांडीवर टांगूं नये, कारण दांडीचें टोंक आंतल्या थराला रुततें. उन्हांत तापत ठेवूं नये. अशी निगा राखली तरी पांचएक वर्षांनीं नवें घ्यावें, असा सामान्य सल्ला आहे.

एवढें करूनही थोडी गैरसोय उरते. देवळांत जातांना तें ठेवावें कोठें, बाजारांत हातांत वागवावें कसें, हे प्रश्न खरे आहेत, व त्यांचीं उत्तरें गाडीच्या कुलुपाच्या कडीपलीकडे फारशीं नाहींत. पण दुखणें, रुतणें, डुलणें, बाजूचें न दिसणें या ज्या मोठ्या तक्रारी, त्या दुकानांतील अर्ध्या तासाच्या चिकाटीनें मिटतात. कायदा दंड करूं शकतो, तीन महिने परवाना रोखूं शकतो. पण तेर ते धाराशिव या रस्त्यावर प्रत्येक वळणाला पोलीस उभा राहूं शकत नाहीं. तेथें माणसाच्या डोक्यावर हेल्मेट राहतें कीं कोपरांत जातें, हें तें त्याला बोचतें कीं नाहीं यावरच पुष्कळसें अवलंबून असतें.

प्रत्येक घरांत एक वही असते. तींत पोलक्याचें माप, मुलांच्या जोड्यांचे नंबर, चष्म्याचा नंबर असें कांहीं ना कांहीं लिहिलेलें असतें. येत्या रविवारीं दुपारची निजानीज झाल्यावर फीत काढावी, आणि दुचाकीवर बसणाऱ्या घरांतील प्रत्येकाच्या डोक्याचें माप घेऊन त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवावें. मुलांचें दर वर्षीं पुन्हां घ्यावें. मग घरांतलीं हेल्मेटें एकेक करून बाहेर काढावींत व त्यांवरचे आंकडे या मापांशीं ताडून पाहावेत. जें जुळत नाहीं तें बदलावें. आणि मागें बसणारीच्या नांवापुढें हेल्मेटच नसेल, तर खरेदीला तेथूनच आरंभ करावा.